नव्या घराची प्रेरणा जुन्या घरात

'घर पाहावे बांधून' अशी आपल्याकडे म्हण आहे. आज शहरात राहणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला घर बांधणे येत नाही, बांधलेले घर विकत घेणे येते. भिंती, खिडक्यांच्या जागा, स्वयंपाकघराचा ओटा हे सारे आधीच ठरलेले असते. स्वतःच्या कल्पनेने जे काही करायचे, ते आतल्या सजावटीत. नेमके याच वेळी अनेक कुटुंबे गोंधळतात. गृहकर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो, हाती उरलेली रक्कम बेताची असते, 'डिझाइन सांगा' म्हणून सुतार खोळंबलेला असतो आणि डोळ्यांसमोर असतात ती केवळ चकचकीत छायाचित्रे. त्यांतले एखादे पुढे करून 'अगदी असेच करून द्या' असे सांगितले जाते. वर्षभरात लक्षात येते की, पांढऱ्या सोफ्यावर धूळ उठून दिसते, उघड्या फळ्यांवर मांडलेली भांडी फोडणीच्या वाफेने चिकट होतात आणि फॉल्स सीलिंगमुळे आधीच कमी असलेली खोलीची उंची आणखी कमी झाली आहे. पण एकदा केलेले फर्निचर पुन्हा बदलणे परवडत नाही. चुकलेली निवड पुढची दहा-पंधरा वर्षे सोबत करते.

गृहसजावटीची प्रेरणा कोठून घ्यावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ आवडीनिवडीचा राहत नाही. तो पैशाचा आणि रोजच्या सोयीचाही होतो. त्याचे एक उत्तर आपल्या अगदी जवळ आहे. पुण्यातील वाडे, कोकणातील कौलारू घरे, मुंबईतील चाळी यांत माणसे पिढ्यान्‌पिढ्या याच हवेत, याच पावसात आणि आजच्यापेक्षा कमी साधनांत राहिली. त्यांनी शोधलेल्या युक्त्या आजच्या सदनिकेतही उपयोगी पडतात. अट एकच. जुन्या घरातील वस्तू जशीच्या तशी उचलण्याआधी ती तेथे का होती, हे विचारले पाहिजे. कारण समजले की त्याला आजचे रूप देता येते. कारण न समजता उचललेली वस्तू दिवाणखान्यात नाटकातल्या नेपथ्यासारखी उपरी दिसते.

व्हरांड्याचे उद्यान झाले

कारण ओळखून त्याला नवे रूप कसे द्यावे, याचे उत्तम उदाहरण मुंबईतच उभे आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी कंबाला हिल परिसरात उभारलेली 'कांचनजंगा' ही २८ मजली इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. तीत ३२ सदनिका आहेत. मुंबईत समुद्राचा वारा आणि सर्वांत सुंदर दृश्ये हवी असतील तर घराचे तोंड पूर्व-पश्चिम असावे लागते. परंतु तळपते ऊन आणि पावसाचा मारा या दोन्ही गोष्टीही याच दिशांनी येतात. जुन्या बंगल्यांनी या पेचावर तोडगा काढला होता. राहत्या खोल्यांभोवती त्यांनी खोल व्हरांडा फिरवला. ऊन आणि पाऊस व्हरांड्यात थांबत, वारा तेवढा आत येई.

कोरिया यांनी बंगल्याच्या व्हरांड्याचे खांब, कठडे किंवा नक्षी उचलली नाही. व्हरांडा कशासाठी होता, एवढेच त्यांनी घेतले. इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल बागा त्यांनी कोरून काढल्या. राहत्या खोल्या या बागांच्या आड गेल्या आणि ऊन-पावसापासून वाचल्या. दिसायला या इमारतीत जुन्या बंगल्याचे काहीही नाही. कामाला मात्र तो बंगलाच आहे. आपल्या सदनिकेला अशी बाग मिळणार नाही. पण विचाराची ही दिशा पाचशे चौरस फुटांच्या घरातही वापरता येते.

कोनाडा, ओसरी आणि चौक

पेशवाईतील वाड्यांचे मोजमाप खणात सांगितले जाई. दोन खांबांमधील एक गाळा म्हणजे खण. तुळयांच्या लाकडाची लांबी जेवढी पेलेल, तेवढे हे अंतर. त्यामुळे साऱ्या घराला एक लय येई. भिंती मात्र चांगल्या जाडजूड. या जाडीतच कोनाडे, फडताळे आणि दिव्यांच्या देवळ्या बसवलेल्या असत. वस्तू ठेवण्यासाठी जमिनीवरची जागा अडत नसे, चालताना काही लागत नसे आणि दिव्याला वारा लागत नसे.

आता अनेक घरांत हौसेने कोनाडा करण्याची टूम निघाली आहे. पण सदनिकेतील आतल्या भिंती बहुधा चार ते सहा इंचांच्या असतात. त्यांत कोनाडा खोदणे शक्य नसते. अनेक नव्या इमारतींत तर भिंतीही काँक्रीटच्या असतात. त्यांना हात लावणे धोक्याचे आहे. म्हणून मग भिंतीच्या पुढे प्लायवूडची चौकट ठोकून कोनाड्याचा आभास निर्माण केला जातो. कोनाड्याने वाचवलेली जागा या कोनाड्याने उलट अडते. त्याऐवजी कोनाड्यामागचे कारण पाहावे. 'भिंतीच्या जाडीचा उपयोग साठवणीसाठी करणे' हे ते कारण. आपल्याकडे कपाटाची जाडी असते. शयनगृहातील दोन फूट खोल कपाटाचा एक खण पलीकडच्या बैठकीच्या खोलीकडे उघडता आला, किंवा कपाटाच्या रांगेत मध्येच दीड फुटाची जागा मोकळी सोडून तेथे दिवा, देव किंवा पुस्तके ठेवली, तर कोनाडा खऱ्या अर्थाने घरात आला.

ओसरीचेही तसेच. रस्ता आणि घर यांच्या मधली ती जागा. आलेला माणूस तेथे टेकतो, पायताण काढतो, पाणी पितो. परका असेल तर तेथूनच परत जातो. सदनिकेचे दार उघडले की थेट बैठकीच्या खोलीत पाऊल पडते. पावसाळ्यात ओल्या छत्र्या, चपला आणि शाळेची दप्तरे सोफ्यापर्यंत पोहोचतात. दाराशी तीन फूट जागा जरी वेगळी राखता आली तरी ओसरी होते. तेथे अठरा इंच उंचीचे बाकडे, त्याच्या पोटात चपलांची सोय, वर खुंट्या आणि पाय पुसायला पाणी सहज पुसले जाईल अशी खडबडीत फरशी एवढे पुरते. फरशीचा प्रकार किंवा भिंतीचा रंग तेवढ्याच भागात बदलला तर भिंत न उभारताही ही जागा वेगळी ओळखू येते.

वाड्याचा चौक सदनिकेत आणता येणार नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. चौकाचे काम होते मधल्या खोल्यांना उजेड देणे आणि तापलेली हवा वर जाऊ देणे. सदनिकेत उजेड आणि हवा येते ती समोरासमोरच्या खिडक्यांतून. म्हणून प्रेरणा चौकाची असेल, तर घराच्या मधोमध उंच वस्तू ठेवू नयेत. एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीपर्यंत नजर आणि वारा अडखळता कामा नये. खोल्यांच्या मधल्या पार्टिशनचा वरचा फूट-दीड फूट उघडा सोडावा किंवा तेथे जाळी बसवावी. जुन्या इमारतींत दारांच्या वर झडपांचे झरोके असत. अनेकांनी वातानुकूलन यंत्र बसवताना ते बुजवून टाकले. ज्यांच्या घरी ते अजून आहेत, त्यांनी ते आधी उघडून पाहावेत.

कोकण आणि गोवा

कोकणातील घर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे आणि उतरत्या कौलांचे. धुवाधार पावसाचे पाणी क्षणात वाहून जावे म्हणून छप्पर उतरते. भिंतींना पाऊस लागू नये म्हणून ते पडवीच्याही पुढे आलेले. 'मंगलोरी' म्हणून ओळखली जाणारी कौले तयार करण्याचा कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरूला काढला आणि पुढे ही कौले किनारपट्टीवर सर्वदूर पसरली. ओटीवर झोपाळा. तो केवळ शोभेसाठी नव्हता. दमट हवेत, विजेचे पंखे नसताना, झोपाळ्यावर बसणारा स्वतःसाठी वारा तयार करत असे.

झोपाळ्याची हौस आज सदनिकेत भागवली जाते. ती भागवण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे आधार. छताच्या स्लॅबला कोठेही भोक पाडून कडी अडकवू नये. इमारतीच्या रचनेची माहिती असलेल्या अभियंत्याला जागा विचारून घ्यावी, अन्यथा स्वतंत्र चौकटीवर उभा राहणारा झोपाळा घ्यावा. दुसरी गोष्ट जागेची. झोपाळ्याला पुढे-मागे मोकळी जागा लागते. ती नसेल तर तो हलत नाही, केवळ अडचणीचा बाक होतो. खिडकीशी वाऱ्यात बसणे हा झोपाळ्याचा खरा हेतू असेल, तर खिडकीखाली केलेली रुंद, बुटकी बैठक तोच आनंद कमी जागेत देते.

गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे लाकडी चौकटीत बसवलेले आढळतात. काच दुर्मीळ होती आणि शिंपले किनाऱ्यावरच मिळत. त्यांतून ऊन गाळून येते. डोळ्यांना न टोचणारा दुधी उजेड खोलीत पसरतो. या घरांच्या प्रवेशद्वारापाशी दोन्ही बाजूंना बसायला दगडी आसने असलेली, छपराखालची जागा असते. तिला 'बालकांव' म्हणतात. येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारायची ती जागा. शिंपल्यांची खिडकी आज मिळणे कठीण आहे. पण पश्चिमेच्या खिडकीला दुधी काच किंवा पातळ सुती पडदा लावला, तर तोच गाळलेला उजेड मिळतो. शेजारची इमारत अगदी समोर असेल तर आडोसाही मिळतो.

येथे एक सावधगिरीची सूचना. एका प्रदेशातील युक्ती दुसऱ्या प्रदेशात तशीच चालेल असे नाही. विदर्भातील उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे पाण्याने भिजवले की खोली गार होते, कारण तेथील कोरडी हवा पाणी झपाट्याने शोषते. मुंबईच्या दमट हवेत हेच पडदे ओले राहतात आणि खोलीत कोंदटपणा वाढतो. वाळ्याचा वास आवडतो म्हणून नागपूरचा पडदा दादरला लावणे, ही कारण न विचारता केलेली नक्कलच होय.

चाळीची एक खोली

गृहसजावटीच्या चर्चेत वाड्याचे नाव निघते, चाळीचे क्वचितच निघते. वास्तविक, लहान जागेत राहण्याचा सर्वांत मोठा अनुभव मुंबईच्या चाळींकडे आहे. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बीडीडी चाळींत एका कुटुंबाची खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तेवढ्यात स्वयंपाक, अभ्यास, पाहुणे, बाळंतपण आणि आजारपण सारे होई. या चाळींचा आता पुनर्विकास सुरू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या नव्या सदनिकांचा ताबा मिळाला. जागा तिपटीने वाढली. या घरांत आता काय येणार, हा प्रश्न केवळ त्या कुटुंबांचा नाही. लहान घरातून थोड्या मोठ्या घरात जाणाऱ्या प्रत्येकाचा तो आहे.

नवी जागा मिळाली की ती भरून टाकण्याचा मोह होतो. चाळीच्या खोलीचे शहाणपण याच्या उलट होते. तेथे एका वस्तूला एकच काम नसे. लोखंडी खाटेखाली ट्रंका आणि धान्याचे डबे. दिवसा खाटेवर बैठक, रात्री झोप. अंथरुणांची सकाळी वळकटी होई आणि खोली पुन्हा मोकळी. डोक्याच्या वर, दाराच्या उंचीवर, भिंतीभोवती फिरणारी फळी असे आणि तिच्यावर पितळेचे डबे ओळीने लावलेले. ती फळी म्हणजे साठवण होती आणि शोभाही होती. घासूनपुसून लखलखणारे डबे हीच त्या घराची सजावट.

यातले काय घ्यावे? दाराच्या चौकटीच्या पातळीवर खोलीभर फिरणारी, दहा-बारा इंच रुंदीची फळी आजही फार कमी खर्चात होते. तिच्यावर पुस्तके, क्वचित लागणाऱ्या वस्तू राहतात आणि जमिनीवरचे एक अख्खे कपाट वाचते. पलंगाखालचे खण, घडी होणारे जेवणाचे टेबल, दिवसा बैठक व रात्री बिछाना होणारा दिवाण ही त्याच विचाराची अपत्ये आहेत. आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. चाळीत खोलीच्या बाहेरची गॅलरी हा घराचाच भाग असे. नव्या इमारतीत मजल्यावरच्या मोकळ्या जागेत एखादे बाकडे आणि दोन कुंड्या ठेवायला शेजाऱ्यांची व सोसायटीची संमती मिळत असेल, तर घर आपोआप मोठे होते. जिन्याचा आणि सुटकेचा मार्ग मात्र अडता कामा नये.

काय घेऊ नये

जुन्या घराविषयी बोलताना हळवे होण्याचा धोका असतो. तेथील साऱ्याच गोष्टी घेण्याजोग्या नव्हत्या. वाड्यातील स्वयंपाकघर बहुधा मागच्या बाजूला, काळोखे आणि धुराने भरलेले असे. ज्या बायकांचे आयुष्य तेथे जाई, त्यांना घरातला सर्वांत कमी उजेड मिळे. दिवाणखाना पाहुण्यांसाठी सजे. 'का' असे विचारले की अशी कारणेही समोर येतात. ती आज टिकत नाहीत.

म्हणून घर सजवताना खर्चाची वाटणी एकदा तपासून पाहावी. बैठकीच्या खोलीतील दिखाऊ भिंतीवर मोठी रक्कम आणि ओट्यावर मात्र एकच पिवळा दिवा, असे अजूनही होते. चिरायची जागा, गॅस आणि मोरी या तिन्ही ठिकाणी हाताची सावली पडणार नाही असा उजेड, ओट्याची उंची घरात प्रत्यक्ष स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या कोपराच्या थोडी खाली, आणि धूर बाहेर काढण्याची चांगली सोय या गोष्टी सजावटीच्या यादीत पहिल्या असाव्यात. साधारणपणे ३२ ते ३४ इंचांचा ओटा केला जातो. सुताराच्या किंवा बिल्डरच्या सवयीने ही उंची ठरू नये.

साहित्यातून सुचणारी सजावट

लॉरी बेकर हे नाव या विषयात टाळता येत नाही. इंग्लंडमध्ये १९१७ साली जन्मलेले बेकर १९४५ मध्ये कुष्ठरुग्णांसाठीच्या कामानिमित्त भारतात आले आणि पुढे तिरुअनंतपुरममध्ये स्थायिक झाले. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. जवळपास मिळणारे साहित्य, कमीत कमी अपव्यय आणि स्थानिक कारागिरांचे ज्ञान यांवर त्यांनी शेकडो घरे उभी केली. विटा आडव्या न लावता कडेवर उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवायची, म्हणजे विटाही वाचतात आणि ऊनही आत कमी येते. स्लॅबच्या खालच्या थरात जेथे काँक्रीटची गरज नाही तेथे जुनी कौले बसवायची, म्हणजे सिमेंट वाचते आणि छताला आपसूक नक्षी येते. विटांच्या जाळीतून खिडकीशिवाय वारा येतो आणि जमिनीवर उन्हाचे ठिपके पडतात. त्यांच्या घरांची शोभा अशी बांधकामातूनच निघालेली आहे. वरून काही चिकटवावे लागत नाही.

तयार सदनिकेत भिंती बांधायच्या नसल्या तरी हा धडा लागू पडतो. एखाद्या जुन्या इमारतीतील घर घेतले असेल आणि जमिनीवर नक्षीदार सिमेंटच्या लाद्या असतील, तर त्यांवर गुळगुळीत टाइल बसवण्याची घाई करू नये. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत अशा लाद्यांचे मोठे चलन होते. भारत टाइल्स ही कंपनी १९२२ पासून त्या बनवत आली आहे. तज्ज्ञ कारागिराकडून पॉलिश करून घेतल्यास त्या पुन्हा उजळतात. नवी फरशी घालायची असेल तर शहाबादी, कोटा, तांदूर हे दगड पायाला गार लागतात, टिकतात आणि त्यांचा खडबडीतपणाच त्यांचे सौंदर्य असतो. जुने सागवानी दार, आजीचा पाट, तांब्याचा बंब यांचाही पुनर्वापर करता येतो. मात्र बंबाचा दिवा आणि पाटाचे घड्याळ करण्यापूर्वी, त्या वस्तूचे मूळ काम अजून उपयोगी आहे का, हे पाहावे. पाट जमिनीवर बसायला अजून चांगला असतो.

भिंतीवरचा चौक आणि कारागिराचा हात

वारली चित्रे आज पडद्यांपासून चहाच्या कपांपर्यंत सर्वत्र दिसतात. पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी परिसरात ही चित्रे कुडाच्या, गेरूने वा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने काढली जात. लग्नाच्या वेळी सवासिनी 'चौक' लिहीत आणि त्याच्या मध्यभागी पालघाट देवता असे. १९७० च्या दशकापासून ही कला कागदावर आली. तिला जगभर पोहोचवणारे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

ज्या चित्राला प्रसंग आणि अर्थ आहे, ते वॉलपेपरच्या गुंडाळ्यांसारखे चारही भिंतींवर पसरवले की त्याचा कंटाळा येतो. वारली चित्राची ताकद गडद भिंतीवरच्या एकाच पांढऱ्या रंगात आणि सोडलेल्या मोकळ्या जागेत आहे. म्हणून घरात एकच भिंत निवडावी, ती गेरूच्या जवळचा रंग देऊन घ्यावी आणि शक्य असेल तर स्टिकर आणण्याऐवजी वारली कलाकाराकडून चित्र काढून घ्यावे. पैसा त्याच्या हातात जातो आणि चित्राला हाताची लय मिळते. पावसाच्या माऱ्याची, ओल येणारी बाहेरची भिंत यासाठी निवडू नये.

हाच न्याय इतर कारागिरीला. पुण्याच्या तांबट आळीतील मठार काम केलेली तांब्याची भांडी, सावंतवाडीची लाखेची लाकडी खेळणी व गंजिफा, सोलापूरच्या चादरी, छत्रपती संभाजीनगरचे हिमरू, घोंगडी, गोधडी ही यादी मोठी आहे. गुळेदगुड्डचे खणाचे कापड अलीकडे सजावटीत फार दिसते. त्या कापडाचा पन्हा लहान असतो, त्यामुळे उशांचे अभ्रे, टेबलावरची पट्टी, दिव्याचे शेड यांना ते शोभते. मोठ्या पडद्यासाठी त्याला जोड द्यावे लागतात. एका खोलीत अशी एखादी-दुसरी वस्तू पुरे. सगळ्या एकत्र आल्या की घराचे प्रदर्शन होते.

कोठे पाहाल?

प्रेरणेसाठी प्रदर्शने पाहण्याची प्रथा मुंबईला नवी नाही. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेने १९३७ मध्ये टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरवले होते. त्या काळात उभ्या राहिलेल्या मरिन ड्राइव्ह व ओव्हल मैदान परिसरातील आर्ट डेको इमारतींना शेजारच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. तेथून फिरताना खिडक्यांवरचे गोलाई घेऊन वळणारे छज्जे पाहावेत. ते सुंदर दिसतात आणि खिडकीवर सावलीही धरतात. उन्हाला काचेच्या आत पडद्याने अडवण्यापेक्षा काचेबाहेरच अडवणे अधिक परिणामकारक, हा त्यांचा धडा आहे.

पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला विश्रामबाग वाडा सुरूच्या आकाराचे लाकडी खांब आणि दर्शनी भागाचे कोरीव काम यांसाठी पाहावा. राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, भांडी, कोरीव दारे अशा रोजच्या वस्तूंचा मोठा संग्रह आहे. रोजची वस्तू किती प्रेमाने घडवली जात असे, हे तेथे कळते. मुंबईतील भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये खुले झाले; दीर्घ जीर्णोद्धारानंतर ते २००८ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्याचे रंग, सोनेरी नक्षी, छत हे सारे रंगसंगतीचा वस्तुपाठ आहे. जाण्यापूर्वी वेळा विचारून घ्याव्यात.

याहून मोठा खजिना मात्र तिकिटाशिवायचा आहे. आपले आजोळ, मावशीचे चाळीतले घर, गावाकडचा सोपा. यांपैकी अनेक वास्तू आज पाडल्या जात आहेत. त्यांचे खांब आणि दारे जुन्या बाजारात पोहोचत आहेत. खांब विकत घेता येतो. तो कोठे उभा होता, त्याला टेकून कोण बसे, हे विकत मिळत नाही. घर पाडण्यापूर्वी एक दिवस तेथे जाऊन छायाचित्रे घ्यावीत, मापे घ्यावीत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना 'हे असे का केले होते?' असे विचारून उत्तरे लिहून ठेवावीत.

वहीपासून सुतारापर्यंत

कल्पना सुचणे आणि ती उतरणे यांच्या मध्ये एक साधी वही असावी. तिच्या पहिल्या पानांवर स्वतःच्या घराची एका दिवसाची नोंद करावी. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि रात्री नऊ वाजता ऊन कोठे आहे, वारा कोठून येतो, कुटुंबातील माणसे कोठे बसली आहेत. बैठकीच्या खोलीत सोफा असूनही सगळे स्वयंपाकघराच्या दाराशीच जमतात, हे अशा नोंदीतून कळते. मग बैठक तेथेच हलवावी.

पुढच्या पानांवर आवडलेली कात्रणे चिकटवावीत. पण प्रत्येकाखाली 'काय आवडले?' याचे एका वाक्यात उत्तर लिहावे. रंग आवडला, उजेड आवडला, की तेथील नीटनेटकेपणा आवडला? पुष्कळदा आवडलेले असते ते केवळ पसारा नसणे. त्यासाठी नवा सोफा लागत नाही. साठवणीची सोय लागते. वीस-पंचवीस कात्रणांखालची उत्तरे एकत्र वाचली की आपली आवड आपल्यालाच समजते आणि सुताराशी बोलणे सोपे होते.

त्यानंतर मापे. कपड्यांच्या कपाटाला दोन फूट खोली लागते, पुस्तकांना दहा ते बारा इंच पुरतात. बसण्याची उंची सुमारे १८ इंच, जेवणाच्या टेबलाची ३० इंच. चालण्याच्या वाटेला किमान अडीच फूट, शक्यतो तीन. ही मापे हाती घेऊन खडूने किंवा जुन्या वर्तमानपत्रांनी जमिनीवर प्रत्येक वस्तूचा आकार मांडावा आणि दोन दिवस त्याच्याभोवती वावरावे. जो आकार ओलांडताना प्रत्येक वेळी पाय अडखळतो, ती वस्तू घेऊ नये. या चाचणीला एक पैसाही लागत नाही आणि तिने हजारो रुपये वाचतात. भिंत पाडणे, बाल्कनी बंद करणे, मोरी हलवणे अशी कामे मनात असतील तर अभियंत्याचा सल्ला आणि सोसायटी व महापालिकेची परवानगी काम सुरू होण्यापूर्वी घ्यावी.

सारे काही पहिल्याच महिन्यात पूर्ण करण्याचीही गरज नाही. ओटा, कपाटे, दिवे आधी करावेत. एक पावसाळा आणि एक उन्हाळा घरात काढावा. कोणती खिडकी गळते, कोणती भिंत तापते, मुले अभ्यासाला कोठे बसतात हे घरच सांगते. वाडे आणि कोकणातील घरेही एका दिवसात सजली नव्हती. गरज पडेल तसा एक खण वाढला, एक पडवी उतरली, एका भिंतीत एक फडताळ आले.